खिळे नसलेला पट्टा

माझ्या हातातून माईक पडला तेव्हा सगळा घाट हसला, आणि सर्वांत मोठ्यानं मी हसलो. त्या हसण्यामागे मी किती घाबरलो होतो, ते सांगायला बसलोय.

आधी घाट म्हणजे काय ते सांगतो. बैलगाडा शर्यतीची जी चढाची धावपट्टी असते, तिला आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणतात. खालून गाडा सुटतो, बैल जिवाच्या आकांतानं वर येतात, आणि वर पत्र्याच्या मांडवात बसलेला निवेदक ती धाव शब्दांत पळवतो. तो निवेदक मी. गाडा सुटला की मी 'झाऽऽ' म्हणायला लागतो, आणि बैल निशाणाच्या पार जाईपर्यंत त्या 'झा'ची 'ली' होत नाही; 'झाली' म्हणजे बारी, त्या गाड्याची धाव, पुरी झाली. माझं बोलणं जन्मापासून असं ओढत येतं. शाळेत या ओढीवर पोरं हसायची. घाटात तिलाच शिट्ट्या पडतात. माणसाला आपली जागा शोधावी लागते, ती मला बैलांच्या वरच्या अंगाला सापडली.

मला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे मेंदूतून निघालेला हुकूम हातापायांपर्यंत पोचताना वाटेत चार ठिकाणी भांडून येतो. पाय ताठ, गुडघे एकमेकांना चिकटलेले, म्हणून मी दोन कुबड्यांवर चालतो. खरं तर पायांनी चालतच नाही, हातांनी चालतो, पाय नुसते सोबत येतात. आणि मान. माझी मान सारखी डावी-उजवी झटके देते. झोपेत सोडून दिवसभर मी जगाला 'नाही, नाही' म्हणत असतो.

या मानेनं माझं लग्न मोडायचं बाकी ठेवलं होतं. मंचरजवळच्या एका गावात मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग पावणं, पसंत हाय का?" आणि घाबरल्यावर मान जास्तच हलते, त्यामुळे मी अख्ख्या बैठकीसमोर जोरजोरात नकार दिला. तोंडातून 'हो' निघायला वेळ लागत होता. मुलीचे वडील उठून उभे राहिले. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "आबा, मान न्हाई म्हणतीय. त्यानला इचारा की."

ती माझी बायको. तेव्हापासून ती माझी मान बाजूला ठेवून मला विचारते.

तर तो माईक. तो नुसता निसटला असता तर मला काही वाटलं नसतं. हात आधीपासून वाकडे, वस्तू पडायच्याच. पण वस्तू पडायच्या आधी हाताला कळायचं, पकड सैल होतेय, सावर. त्या दिवशी काहीच कळलं नाही. गाडा अर्ध्यात आलेला, माझा 'झाऽऽ' रंगात आलेला, आणि कर्ण्यातून येणारा माझा आवाज एकदम गायब झाला. मी स्पीकरवाल्याकडे रागानं बघितलं. तो माझ्या पायाकडे बोट दाखवत होता. खाली माईक घरंगळत चालला होता. मी हाताकडे बघितलं. हात अजून माईक धरल्यासारखाच वळलेला होता. नुसता त्यात माईक नव्हता.

लोकांना वाटलं, हाही एक खेळ. मी उभं राहिल्यासारखं करून मुजरा केला. आणखी शिट्ट्या.

स्पीकरवाला माझा जुना दोस्त. संध्याकाळी वायरी गुंडाळताना म्हणाला, "राव, काय टायमिंग! पुढच्या घाटात पण टाक."

"टाकतो की," मी म्हणालो. पण पुढच्या घाटात तो मी न टाकता पडणार होता, हे मला कळलं होतं.

त्यानंतर मी माझ्याच हातांवर पाळत ठेवायला लागलो. बोटांच्या टोकांना मुंग्या. आंघोळीचं पाणी डाव्या हाताला गरम लागायचं, उजव्याला नुसतं ओलं. सदऱ्याचं वरचं बटण लावायला मी कधी कुणाला बोलावलं नव्हतं. आता ते बटण आणि मी समोरासमोर बसायचो आणि बटण जिंकायचं. मी टी-शर्ट घालायला लागलो. बायकोला म्हणालो, "फॅशन आहे." ती म्हणाली, "या वयात?" मी म्हणालो, "आमच्या धंद्यात लागतं." तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि गोठ्यात गेली.

मला कशाची भीती वाटत होती ते सरळ सांगतो. पाय कामाचे नाहीत, हे मी जन्मापासून जाणतो, त्याचं काही वाटत नाही. पण माझे हात गेले तर कुबड्या जातील, कुबड्या गेल्या तर चालणं जाईल, माईक जाईल, घास जाईल, आणि मी एका खाटेवरचं बोलणारं गाठोडं होईन. आणि बायको ते गाठोडं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करत बसेल. रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी मी पांघरुणात अंगठा एकेका बोटाला लावून बघायचो. अंगठा करंगळीपर्यंत पोचेनासा झाला, तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. चोरून, एकटाच.

आता इथे माझा एक खास कार्यक्रम असतो. कुठलाही डॉक्टर विचारतो, "हे कधीपासून?" की मी सुरू. "साहेब, ओतूरच्या दवाखान्यात नेताना आमची जीप उसाच्या ट्रॉलीमागे अडकली. ट्रॉली हलेना, आणि मी थांबेना. जीपमध्येच झालो. आणि रडलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, मला बोलायची संधी मिळाली आणि मी गप्प बसलो!" डॉक्टर हसतात. नर्स हसते. मग डॉक्टर म्हणतात, "म्हणजे जुनंच आहे." गोळ्या लिहितात, आणि मी खूश होऊन बाहेर येतो, जणू बक्षीस मिळालं.

तीन गावच्या डॉक्टरांनी मला तेच सांगितलं. ओतूरचे म्हणाले जुनंच आहे. मंचरचे म्हणाले जुनंच आहे, वय झालं की वाढणारच. हाडांचे एक डॉक्टर तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सेरेब्रल पाल्सी ना? ते बदलत नसतं." मला बरंही वाटायचं, हेही सांगतो. जुनं म्हणजे ओळखीचं. जुन्नरच्या माणसाचं सगळं जुनंच असणार, असा विनोदही मी ठोकून दिला. पण दवाखान्याची पायरी उतरताना कुबडी हातात आहे की नाही, हे मला मान वाकवून बघावं लागायचं.

मग कुणीतरी फिजिओथेरपीचं केंद्र सुचवलं. सेरेब्रल पाल्सीसाठीच असलेलं. यावेळी बायको बरोबर होती, कारण जीपमध्ये चढायला मला आता मागून ढकलावं लागत होतं आणि ते फॅशनच्या नावाखाली खपत नव्हतं. भिंतींवर ससे, हत्ती, फुगे. खुर्च्या माझ्या गुडघ्याएवढ्या. खिडकीतल्या मुलीनं बायकोला विचारलं, "बाळ आणलंय का?"

बायकोनं माझ्याकडे हात केला. "हे काय, हे बाळ."

मुलगी माझ्या टकलाकडे बघत राहिली. म्हणाली, "काका, इथं अठरापर्यंतचीच मुलं घेतात."

"आणि अठरानंतर?" मी विचारलं. "मुलं बरी होतात का?"

"नाही हो काका."

"मग कुठं जातात?"

तिनं आत विचारून येते म्हटलं आणि बाहेर येऊन नाही म्हटलं. आम्ही त्या सशाखाली बसून डब्यातली भाकरी खाल्ली. समोर एक आई तिच्या लहानग्याचे ताठ पाय हळूहळू दूर करत होती, तो कोकलत होता. मला माझी आई आठवली. तिनंही असंच केलं होतं, तेलाच्या वाटीसकट. आई गेली. पाय तसेच ताठ राहिले, आणि ते सरळ करायला येणारं माणूस मात्र कुणी राहिलं नाही. माझ्या वयाच्या सेरेब्रल पाल्सीवाल्यांचं काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही मोठे होऊ असं बहुतेक कुणाला वाटलंच नव्हतं.

आता बिबट्याकडे येतो. त्याच्याशिवाय आमच्याकडची गोष्ट पुरी होत नाही.

आमच्याकडे उसात बिबटे राहतात, हे आता पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. दिवस मावळला की पोरं घरात, शेळ्या जाळीत, आणि माणसं घोळक्यानं. बिबट्या मानेला धरतो. म्हणून मध्यंतरी शेतात जाणाऱ्या बायका-माणसांनी गळ्यात पट्टे घालायला सुरुवात केली, बाहेरून टोकदार खिळे असलेले. शेजारची धनगराची मावशी तो पट्टा घालून मेंढरं वळायला जाते. पूर्वी असे पट्टे तिच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचे. ती म्हणते, "कुत्र्याला कळत व्हतं ते आमाला आत्ता कळलं."

आणि एक गंमत सांगतो. संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला सगळ्यांना आवडतं. "चला भाऊ, संगंच जाऊ," म्हणून लोक थांबतात. मला आधी वाटायचं, गप्पांसाठी. मग कळलं, पळायची वेळ आलीच तर मागे कोण राहणार हे ठरलेलं असतं.

त्या दिवशी मात्र कुणी नव्हतं. शर्यतीची बोलणी आटपून मी फाट्यावर उतरलो. फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. उजेड होता अजून, पण जाता जाता राहिलेला. घराचा पत्रा दिसत होता. निम्म्या वाटेवर उजवी कुबडी खाली पडली. म्हणजे आवाज झाला म्हणून मला कळलं. मी वाकलो, तोल गेला आणि रस्त्यावर बसलो. कुबडी हाताशीच होती. मी तिच्यावर हात ठेवला, बोटांना म्हटलं, मिटा. बोटं मिटली नाहीत. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं तिच्याभोवती वळवली. सोडल्याबरोबर उघडली.

आणि उसात काहीतरी वाजलं.

वारा नव्हता. पाचट वाजत होतं, थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. चालणाऱ्यासारखं. माझी मान वेड्यासारखी हलायला लागली. नाही, नाही, नाही. ओरडायला गेलो तर घशातून फुसकी निघाली. भ्यालो की माझं तोंड आधी बंद होतं. मग मी असा विचार केला, की बाबा रे, मरायचंच आहे तर आपल्या धंद्यात मर. आणि मी त्या रस्त्यावर बसून बारी सुरू केली.

"झाऽऽ..." आधी कापरा निघाला. मग चढला. "आला, आला, उसातून गाडा आला! अंगावर ठिपके, शेपूट वर, ओतूरकरांनो, नजर ठेवा! भिर्रर्र!" मी त्या बिबट्याला बैलासारखा पळवत होतो. नुसता पळवत होतो, 'ली' म्हणायची हिंमत होत नव्हती. मला वाटत होतं, 'झाली' म्हटलं की झालीच.

तिकडून ताट बडवल्याचा आवाज आला. बायको. एका हातात परात, एका हातात उलथनं, ती धावत येत होती आणि शिव्या देत होती. बिबट्याला की मला, ते अजून ठरलेलं नाही. ती पोचल्यावर उसातलं वाजायचं थांबलं. तिथे काय होतं, देव जाणे. डुक्कर असेल, कुत्रं असेल. मी लोकांना बिबट्याच सांगतो.

"उठा," ती म्हणाली.

"उठता येत नाय."

"घाबरलाव म्हणून?"

"हात चालंना." आणि मग सगळंच बाहेर आलं. माईक, बटण, गरम पाणी, करंगळी. मी रस्त्यावर बसूनच बोलत होतो. ती ऐकत उसाकडे तोंड करून उभी होती, परात ढालीसारखी धरून.

सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "फॅशन म्हणं." आणि मला काखेत हात घालून उचललं.

पुण्याला जाऊन आम्ही मेंदू आणि मणक्याच्या एका डॉक्टरीणबाईंना भेटलो. बाईंनी विचारलं, "कधीपासून त्रास आहे?" माझा पडदा वर गेला. "मॅडम, ओतूरच्या दवाखान्यात नेताना आमची जीप..."

बायकोनं माझ्या तोंडासमोर हात धरला. "मॅडम, ती ष्टोरी लई चांगली हाय, पण ती नका ऐकू. ते जुनं. हे नवं हाय. दिवाळीत त्यांनी सोता आकाशकंदील बांधला. आता बटन लागत न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नवं," त्या म्हणाल्या. "हेच मला हवं होतं."

मग त्यांनी मला ज्या प्रकारे तपासलं, तसं मला आजवर कुणीही तपासलेलं नव्हतं. पाय सोडून त्या हातांकडे गेल्या. टाचणी टोचली, कुठे बोथट लागतं ते विचारलं. बोटाला टिचकी मारली तर अंगठा आपोआप उडाला. बाईंचा चेहरा बदलला. घाटात मी हजार चेहरे वाचतो. मला कळलं, ट्रॉली आता हलली आणि मी तिच्या पुढे आहे.

एमआरआय काढायचा होता. त्या नळकांड्यात हलायचं नसतं, आणि माझी मान तर हलण्यासाठीच जन्मलेली. आत घातल्यावर भिंत नाकाला टेकते की काय असं झालं. मशीन ठोकायला लागलं, मान ठोकायला लागली. बाहेरून माणूस ओरडला, "काका, हलू नका!" मी आतून म्हणालो, "हे चाळीस वर्षं सगळेच सांगतायत!" शेवटी भूल देऊन फोटो काढला.

बाईंनी पडद्यावर दाखवलं. मानेतून जाणारी मज्जारज्जूची दोरी, आणि एका जागी ती चिमटीत धरल्यासारखी. आयुष्यभर झटके देऊन देऊन मणके झिजले होते आणि त्यांनी त्या दोरीला धरलं होतं. "तुमचा मूळ आजार वाढलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या आजारानं मानेला जे केलंय, ते नवीन आहे. ऑपरेशन केलं नाही तर हात जातील. कदाचित श्वासालाही त्रास होईल."

"आणि केलं तर?"

"गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही. राहिलेलं वाचवायला करायचं. धोका आहे. यापुढे मान वळणार नाही."

"मानेला धरलंय म्हणा," मी म्हणालो. "बिबट्यानं."

बाईंना कळलं नाही. बायकोला कळलं, आणि तिनं पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला. मला हसवता येईना. त्या खोलीत माझ्याकडे एकही विनोद नव्हता, आणि हे मला त्या फोटोपेक्षा भयंकर वाटलं.

ऑपरेशनला थोडा अवकाश होता. मान शांत व्हावी म्हणून स्नायूंत इंजेक्शनं दिली, आणि तोवर झटका बसू नये म्हणून गळ्यात कडक पट्टा बांधला. हनुवटीपासून छातीपर्यंत. तो पट्टा घालून मी एसटीतून ओतूरला उतरलो, आणि स्टँडवर माणसं थबकली.

"काय भाऊ, दिवसा-ढवळ्या? ओतुरात पण घुसला का?"

"कोण?"

"वाघ!" आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

मी काही बोलायच्या आत पानवाला म्हणाला, "आन खिळे कुठं हायेत? डुप्लिकेट दिलाय राव तुमाला! याला तर वाघ सरळ चावंल!"

"आतून आहेत खिळे," मी म्हणालो.

जोरात हशा झाला. एका बाईनं मात्र पोराला कडेवर घेतलं आणि घराकडे निघाली. संध्याकाळपर्यंत गावात बातमी, की स्टँडमागे वाघ आहे आणि निवेदकाच्या मानेला त्यानं नख लावलंय. दोघांनी तर ठसे पाहिले होते.

घरी धनगराची मावशी वाट बघत होती. तिनं माझा पट्टा दोन बोटांनी दाबून बघितला, नाक मुरडलं, आणि स्वतःच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यो घे. तुला पळता येत न्हाई. मला येतंय."

तिला मी खरं सांगितलं. दोरी, चिमटा, ऑपरेशन. तिनं ऐकलं. म्हणाली, "मंजी तुझा वाघ आत हाय." आणि पट्टा परत घेतला नाही. तिनं दुसरा करून घेतला. तो अजून आमच्या खुंटीला आहे.

ऑपरेशनच्या सकाळी मी इतका भ्यालो होतो की मला माझ्या दातांचा आवाज ऐकू येत होता. इंजेक्शनांनी मान पुष्कळ शांत झाली होती, पण त्या दिवशी भीतीनं तिला पुन्हा जोर आला. भूल देणारे डॉक्टर आले, पट्टा सोडायच्या आधी त्यांनी विचारलं, "काका, तयार ना?"

मान पट्ट्यातल्या पट्ट्यात हलली. नाही, नाही.

डॉक्टर बावरले. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायको सवयीनं म्हणाली, "मान तसंच म्हणती. त्यानला इचारा."

डॉक्टर वाकले. "काका, तुम्ही काय म्हणताय?"

"आज," मी म्हणालो, आणि त्या शब्दाला फार वेळ लागला, "आज आम्ही दोघंही नाहीच म्हणतोय."

बायकोनं माझा उजवा हात हातात घेतला. तिनं दाबला असणार. मला कळत नव्हतं. मी डोळ्यांनी बघितलं, की ती दाबतेय. आणि हे असंच राहिलं तर पुढे मला तिचा हात नेहमी बघूनच कळणार, हे डोक्यात आलं, आणि मी डॉक्टरांना म्हणालो, "पण न्या."

जागा झालो तेव्हा मान गप्प होती. जन्मापासून कधी नव्हती इतकी गप्प. आत स्क्रू आणि पट्ट्या. मी मेलोय, असंच मला आधी वाटलं, कारण इतकं स्थिर मी कधी काही अनुभवलं नव्हतं. मग अंगठा हलवला. पहिलं बोट, मधलं, तिसरं. करंगळीशी पोचला नाही. तरी मी रडलो. जीपमध्ये राहिलेलं रडणं असेल.

पुढचे महिने सोपे नव्हते. मोठ्यांसाठी केंद्र नव्हतंच. शेवटी त्याच सशाच्या केंद्रानं, डॉक्टरीणबाईंनी दोनदा फोन केल्यावर, मुलं घरी गेल्यानंतर मला घ्यायला सुरुवात केली. मी गुडघ्याएवढ्या खुर्चीत बसून रंगीत मणी दोरीत ओवायचो. खिडकीतली मुलगी म्हणायची, "बाळ आलं का?" घरी बायको कणकेचा गोळा हातात द्यायची, मळा म्हणून. मी मळलेल्या कणकेच्या पोळ्या जगात कुणी खाऊ नयेत. आम्ही खाल्ल्या. डाव्या हाताची पकड आली. उजव्याची थोडी आली, थोडी नाही. बटण लागतं, वरचं सोडून. वरचं उघडंच ठेवतो. आता ती खरंच फॅशन आहे.

अडचण एकच झाली. मान हलत नाही म्हणून लोकांना वाटतं, मी सगळ्याला हो म्हणतोय. चहाला, वर्गणीला, मधेच कुणाच्या तरी पुतण्याच्या लग्नात फुकट बोलायला.

यंदा पहिल्यांदा पुन्हा घाटात बसलो. स्पीकरवाला म्हणाला, "स्टँडला लावू का माईक?" मी म्हणालो, "हातात दे." बायको पहिल्यांदाच शर्यत बघायला आली होती. ती मांडवाखाली उभी होती आणि तिचं लक्ष बैलांकडे नव्हतं.

गाडा सुटला. मी दोन्ही हातांनी माईक धरला आणि 'झाऽऽ' सुरू केलं. मान खाली वाकत नाही, त्यामुळे हात दिसत नव्हते. बोटं मिटलेली आहेत की उघडलीत, ते बघायची सोयच नव्हती. धूळ, बैल, शिट्ट्या, आणि मी त्या सगळ्यात कान लावून फक्त एकच ऐकत होतो, कर्ण्यातला माझा आवाज चालू आहे ना. चालू होता. अजून चालू होता. बैल निशाणावर आले. मला 'ली' म्हणायची भीती वाटत होती, त्या उसातल्यासारखीच.

खालून बायको ओरडली, "अवं, म्हना की!"

"ली!" मी म्हणालो.